वजाबाकीचे रंग

२०२३च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी बँकॉकहून उतरलेल्या एका प्रवाशाचं सामान उघडलं, तेव्हा बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून अकरा साप निघाले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. अशी बातमी वाचली की आपल्या मनात आधी विषाचा प्रश्न येतो. या दोन्ही जाती बिनविषारी. मग खरा प्रश्न उरतो तो किमतीचा. आपल्याकडे शेताच्या बांधावर फुकट दिसणारा प्राणी पुड्यांत लपवून विमानानं आणावा, एवढं त्यात काय आहे?

रंग आहे. पाळीव सापांच्या बाजारात भाव ठरतो तो रंगावर आणि नक्षीवर. आज या बाजारात बॉल पायथनचा बोलबाला असला, तरी रंगासाठी साप वाढवण्याच्या शौकाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कॉर्न स्नेकपासूनच करावी लागते.

हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. उत्तरेला न्यू जर्सीपासून दक्षिणेला फ्लोरिडाच्या टोकाशी असलेल्या कीज बेटांपर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत त्याचा वावर. पाइनची रानं, शेतं, ओस पडलेली घरं, मक्याची कोठारं अशा जागी उंदरांच्या मागावर तो फिरतो. लिनियसनं १७६६ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आजचं त्याचं नाव पँथेरोफिस गट्टाटस. इंग्रजीत ज्यांना सरसकट रॅट स्नेक म्हणतात त्या सापांपैकी हा एक. आपल्या धामणीलाही इंग्रजीत रॅट स्नेकच म्हणतात, पण दोघांची जवळची सोयरीक नाही. धामण प्टायस या वेगळ्या प्रजातीगटातली. ती सात-आठ फुटांपर्यंत सहज जाते. कॉर्न स्नेक तीन ते पाच फुटांत आटोपतो. स्वभावातही फरक आहे. धामणीला हात लावायला गेलात तर ती तोंडावर झेप घेईल. कॉर्न स्नेक थोड्याच दिवसांत हाताला सरावतो, गोठवलेले उंदीर गरम पाण्यात कोमट करून दिले की मुकाट्यानं खातो आणि वीसेक वर्षं जगू शकतो. पाळणाऱ्यांच्या हाती तो लागला तो या गुणांमुळे.

रानातला कॉर्न स्नेक मुळातच देखणा आहे. नारिंगी-तपकिरी अंग, पाठीवर एकामागोमाग एक विटकरी-तांबडे मोठे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार आणि पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकटी. वाळक्या पाचोळ्यात हा साप पसरला की दिसेनासा होतो. या रंगसंगतीची एक किंमतही त्याला मोजावी लागते. तिकडचा विषारी कॉपरहेड साधारण अशाच तांबूस-तपकिरी रंगांचा असल्यामुळे घाबरलेली माणसं कॉपरहेड समजून कॉर्न स्नेकला ठेचतात. घोणस समजून अजगराचं पिल्लू मारणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता हाच साप एखाद्या अमेरिकी सरीसृप-मेळ्यात पाहा. प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत ओळीनं मांडलेली पिल्लं: एक लालभडक आणि पांढरं, डोळे गुलाबी, एक नुसतं करडं आणि काळं, एक दुधी गुलाबी, एक लोण्याच्या पिवळ्या रंगाचं, एक जांभळट राखाडी, एकाच्या पाठीवर ठिपक्यांऐवजी मानेपासून शेपटीपर्यंत सरळ रेघा. हे वेगवेगळ्या जातींचे साप नाहीत, सगळे कॉर्न स्नेकच. अशा प्रत्येक प्रकाराला शौकीन ‘मॉर्फ’ म्हणतात आणि एकमेकांत मिसळून झालेले प्रकार धरले तर त्यांची संख्या शेकड्यांत जाते. पाहणाऱ्याला वाटतं, माणसानं या सापात किती नवे रंग भरले! प्रत्यक्षात यातला जवळजवळ एकही रंग भरलेला नाही. प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकलं गेलं आहे, आणि जे उरलं ते आपल्याला नवं दिसतं.

हे समजायला सापाच्या कातडीत थोडं डोकावावं लागतं. माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी एकाच तऱ्हेच्या. त्या मेलॅनिन बनवतात आणि आपले सगळे गोरे-काळे भेद त्यावरच चालतात. सापांचं तसं नाही. त्यांच्या कातडीत रंगपेशी मुख्यतः तीन तऱ्हांच्या असतात. काळ्या-तपकिरी मेलॅनिनच्या पेशी एक. पिवळ्या आणि लाल रंगद्रव्यांच्या पेशी दुसऱ्या. यातली काही द्रव्यं शरीर स्वतः बनवतं, काही अन्नातून येतात. तिसऱ्या पेशींत रंगद्रव्य नसतंच. त्यांच्यात ग्वानिनचे बारीक स्फटिक रचलेले असतात आणि ते प्रकाश परतवतात. या तिन्हींचे थर एकमेकांवर पडून रानातल्या सापाचा रंग तयार होतो. कॅलेंडर छापताना काळ्याची प्लेट मशीनवर चढवायची राहून गेली तर देवाचं चित्र जसं नुसत्या लाल-पिवळ्यात निघेल, तसंच सापात एखाद्या पेशीचं काम थांबलं की होतं. चित्र तेच, एक रंग वजा.

काळ्याची प्लेट राहिलेला पहिला प्रसिद्ध कॉर्न स्नेक १९५३ साली उत्तर कॅरोलायनात रानात सापडला. तो नर होता. पुढे एच. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याची वीण काढली. बेक्टेल पेशानं त्वचारोगतज्ज्ञ, जॉर्जिया राज्यातल्या वाल्डोस्टा गावचे. माणसाच्या कातडीचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरला बिनकाळ्या सापाचं कुतूहल वाटावं यात नवल नाही. मात्र केवळ पाहून थांबण्याऐवजी त्यांनी मेंडेलनं वाटाण्यावर केलं ते सापावर केलं: साध्या रंगाच्या जोडीदाराशी गाठ घाला, पिल्लं मोजा, ती वाढवा, पुन्हा गाठ घाला, पुन्हा मोजा. कॉर्न स्नेकला वयात यायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे हा धीराचा उद्योग. १९६१ साली बंदिवासातल्या अंड्यांतून पहिली बिनकाळी पिल्लं बाहेर आली आणि हा गुण साध्या अप्रभावी जनुकाचा आहे हे उघड झालं. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच रंग जातो. एक चांगली असली तर साप दिसायला अगदी चारचौघांसारखा. (ज्या जॉर्जियात हे घडलं, तिथल्या कायद्यानुसार आज सामान्य माणसाला राज्यातले देशी बिनविषारी साप पाळता येत नाहीत. बेक्टेल यांच्या राज्यात कॉर्न स्नेक घरी ठेवणं आता गुन्हा ठरतो.)

आपल्याकडे समज आहे की नाग फार म्हातारा झाला की पांढरा पडतो. हे साप अंड्यातूनच तसे निघतात. आणि ते पांढरे नसतात हे महत्त्वाचं. मेलॅनिन गेलं तरी लाल-पिवळ्या पेशी जागेवर असतात, त्यामुळे बिनकाळा कॉर्न स्नेक उलट जास्त भडक दिसतो: तांबडे ठिपके, नारिंगी अंग, आणि काळ्या किनारीच्या जागी पांढरी. तांबडा रंग त्याच्यात आधीपासून होताच. काळ्यानं तो दाबून धरला होता, एवढंच.

मग लाल वजा केला तर? फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य भागात लाल रंग हरवलेले कॉर्न स्नेक रानातही अधूनमधून सापडत. शौकीन त्यांना ‘अ‍ॅनरी’ म्हणतात. हे करडे, काळे, राखाडी. जुन्या फोटोतून उचलल्यासारखे. वय वाढलं की मात्र त्यांच्या गळ्याशी पिवळा रंग चढतो. तो अन्नातून मिळणाऱ्या रंगद्रव्यांचा समजला जातो, आणि लाल बनवणारी वाट बंद झाली तरी ही दुसरी वाट उघडी राहते.

आता या दोन वजाबाक्या एकाच सापात आणायच्या. बिनकाळ्याची आणि अ‍ॅनरीची गाठ घातली तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साधी निघतात, तांबडी-नारिंगी, काळ्या किनारीची. कारण प्रत्येकाजवळ दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत आहे. नवख्याचा इथे हिरमोड होतो. जाणकार दोन-तीन वर्षं थांबतो आणि याच भावंडांची आपसात गाठ घालतो. हिशेबाप्रमाणे दर सोळा पिल्लांत नऊ साधी, तीन बिनकाळी, तीन अ‍ॅनरी आणि एकात दोन्ही वजाबाक्या: काळं नाही, लालही नाही. हा तो ‘स्नो’. दुधी गुलाबी अंग, नक्षीची पुसट सावली आणि मोठेपणी गळ्याशी तीच पिवळी झाक.

सोळात एक हा आकडा कागदावर सोपा दिसतो. कॉर्न स्नेकची मादी एका वेळी साधारण दहा ते तीस अंडी घालते, आणि पिल्लं सुमारे दोन महिन्यांनी निघतात. पंधरा अंडी निघाली असं धरलं, तर त्यांत एकही स्नो नसण्याची शक्यता अडतीस टक्के आहे. म्हणजे पाच-सहा वर्षं सापांना खाऊ घालून, हिवाळ्यात त्यांना थंडाव्यात ठेवून, अंडी उबवून अखेर हाती काहीच न लागणं ही अगदी नेहमीची गोष्ट. अशा तीन अप्रभावी गुणांची मोट बांधायची तर चौसष्टात एक, चार गुणांची तर दोनशे छप्पन्नात एक. सुरुवातीला स्नोसारख्या सापाला भारी किंमत यायची ती या वाट पाहण्याची. एकदा दोन स्नो हाती आले की त्यांची सगळी पिल्लं स्नोच. मग भाव झपाट्यानं घसरतो. आज स्नो हा स्वस्तातला साप आहे.

या हिशेबातूनच शौकिनांच्या बोलीत एक शब्द रुळला: ‘हेट’. दिसायला साधा, पण पोटात एक बिघडलेली प्रत बाळगणारा साप म्हणजे हेट. विक्रीच्या यादीत ‘६६ टक्के हेट’ असं लिहिलेलं असतं आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की या सापात त्या रंगाचा दोन-तृतीयांश अंश आहे. तसं काही नसतं. दोन हेटांची गाठ घातल्यावर चारांत एक पिल्लू रंग बदललेलं निघतं. उरलेल्या तीन साध्या दिसणाऱ्यांपैकी दोन हेट असतात आणि एक पूर्ण निर्मळ. तिघांत फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विकणारा प्रामाणिकपणे सांगतो, की हे पिल्लू हेट असण्याची शक्यता तीनात दोन. साप एकतर हेट असतो किंवा नसतो. टक्केवारी आपल्या अज्ञानाची असते. न दिसणाऱ्या गुणासाठी लोक जास्त पैसे देतात आणि सगळा व्यवहार विकणाऱ्याच्या वहीवर चालतो, ही या धंद्यातली मला सर्वांत गमतीची वाटणारी गोष्ट.

त्या वह्यांनी शास्त्राला मदतही केली आहे. १९८०च्या दशकात फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या पाइन आयलंडवरून असाच एक करडा कॉर्न स्नेक आला. दिसायला अ‍ॅनरी. पण अ‍ॅनरीशी त्याची गाठ घातली तर पिल्लं सगळी साध्या रंगाची निघाली. दोघांतला बिघाड एकाच जनुकात असता तर पिल्लंही करडीच निघायला हवी होती. ज्या अर्थी साधी निघाली, त्या अर्थी दोन करड्या सापांतले बिघाड दोन निराळ्या जागी होते आणि एकानं दुसऱ्याची उणीव भरून काढली. या नव्या प्रकाराला ‘चारकोल’ म्हणू लागले. जुळवून पाहिल्यावर लक्षात आलं की चारकोलच्या गळ्याशी तो पिवळा रंगही चढत नाही. चारकोल आणि बिनकाळा एकत्र आणला की जो पांढराफटक साप तयार होतो तो ‘ब्लिझर्ड’. काळा रंग फिका करणाऱ्या प्रकारांच्या बाबतीतही हेच झालं. सगळे दिसायला सारखे, पण गाठ घालून पाहिल्यावर वेगवेगळ्या जनुकांचे निघाले. ही परीक्षा आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत माशांवर आणि माश्यांवर करतात. इथे ती घराच्या मागच्या खोलीत, उबवणीच्या डब्यांतून झाली.

सगळंच एका जनुकावर चालत नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या जॅस्पर काउंटीत ओकीटी नावाच्या शिकार-क्लबची मोठी जमीन आहे. स्टॅटन आयलंड प्राणिसंग्रहालयातले सर्पतज्ज्ञ कार्ल कॉफेल्ड यांनी तिथल्या सापांविषयी लिहिलं. १९५७ साली त्यांचं ‘स्नेक्स अँड स्नेक हंटिंग’ आलं आणि सापवेड्या लोकांची रीघ तिकडे लागली. तिथल्या कॉर्न स्नेकचा नारिंगी रंग उजळ आणि ठिपक्यांची काळी किनार जाड. आज ‘ओकीटी’ नावानं विकले जाणारे सगळे साप काही त्या जमिनीवरच्या सापांचे वंशज नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यात जाड किनारीची पिल्लं निवडत गेल्यामुळे ती किनार आणखी जाड झाली. हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून येतो, त्यामुळे त्याची सोळात एक अशी मांडणी होत नाही. चांगल्या खिलारी बैलाची शिंगं जशी निवडीनं घडतात, त्याच मार्गानं हे घडतं. रानातले मायामीकडचे कॉर्न स्नेक करड्या अंगाचे, तर कीज बेटांवरचे काळं कमी असलेले फिके गुलाबी. हे भेदही याच जातीचे. एका जनुकाचा झटका आणि अनेकांची हळूहळू निवड, या दोन्ही वाटा पाळणाऱ्यांनी एकत्र वापरल्या. बिनकाळ्यांतून पांढरी किनार जाड असलेले निवडले की ‘रिव्हर्स ओकीटी’, किनार जवळजवळ नाहीशी झालेले निवडले की ‘सनग्लो’.

नावांविषयी बोलायचं तर ती रंगाच्या डब्यांवर शोभावीत अशी: बटर, लॅव्हेंडर, कँडी केन. एकाच सापाला दोन नावं आणि एकाच नावाचे दोन साप, असाही घोळ आहे. त्यात अंडी उबवताना तापमान बिघडलं तर पिल्लांची नक्षी विस्कटू शकते. अशी नक्षी पुढच्या पिढीत उतरत नाही, तरी एखादा उत्साही माणूस तिलाही नवं नाव देऊन मोकळा होतो.

या नावांमागे जनुकांत नेमकं काय बिघडलं आहे, ते कळायला मात्र २०१५ साल उजाडावं लागलं. जिनिव्हा विद्यापीठात मिशेल मिलिन्कोविच आणि अथानासिया त्झिका यांच्या गटानं कॉर्न स्नेक प्रयोगशाळेत पाळले आणि शौकिनांच्या मॉर्फांमधली जनुकं हुडकायला घेतली. बिनकाळ्या सापात दोष निघाला तो ओसीए-२ नावाच्या जनुकात. माणसातला एक प्रकारचा धवलपणाही याच जनुकाच्या बिघाडानं येतो. सापात तो बिघाड झाला कसा, तर जनुकसंचात इकडून तिकडे स्वतःच्या प्रती घुसवत फिरणारा एक डीएनएचा तुकडा या जनुकाच्या मधोमध येऊन बसला. त्यामुळे जनुकाचं वाचन धड होत नाही.

२०२० साली याच गटानं ‘लॅव्हेंडर’ मॉर्फचा उलगडा केला आणि तो मला यापेक्षा रंजक वाटतो. लॅव्हेंडर सापात काळ्याचं राखाडी झालेलं असतं, आणि तांबड्याचं गुलाबी. म्हणजे एक रंग साफ वजा झालेला नाही, सगळेच मंद झालेत. दोष सापडला लिस्ट नावाच्या जनुकात. पेशीत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात, टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या. त्या नीट घडवण्याच्या कामात हे जनुक गुंतलेलं असतं. काळ्या रंगाच्या पिशव्या लायसोसोमच्या घराण्यातल्या आहेत हे आधी माहीत होतं. सापाच्या लाल-पिवळ्या रंगाच्या आणि स्फटिकांच्या पिशव्याही त्याच घराण्यातल्या असाव्यात, हे या सापामुळे पुढे आलं. माणसात हेच जनुक बिघडलं तर चेडियाक-हिगाशी नावाचा गंभीर आजार होतो: कातडी-केस फिके, प्रतिकारशक्ती कोलमडलेली. लॅव्हेंडर सापाचा जांभळट राखाडी रंग पाहून मोहरून जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

रंगानंतर नक्षी. ठिपके कुठून येतात आणि रेघा कशा होतात? ‘तेराझ्झो’ नावाच्या मॉर्फमध्ये ठिपक्यांऐवजी बारीक रेघा असतात. त्याचा दोष पीमेल या जनुकात असल्याचं जिनिव्हाच्या गटानं २०२४ साली दाखवलं. हे जनुक एरवी मेलॅनिनच्या पिशव्यांच्या रचनेसाठी ओळखलं जातं, नक्षीसाठी नव्हे. त्यांनी मग साध्या कॉर्न स्नेकमध्ये मुद्दाम हे जनुक मोडून पाहिलं. तयार झालेले साप तेराझ्झोसारखेच निघाले. अंड्यातल्या गर्भात पाहिलं तर साध्या सापात रंगपेशींच्या पूर्वज पेशी आधी सगळ्या पाठीवर सारख्या पसरतात, मग जागोजागी गोळा होतात आणि त्या गोळ्यांचे ठिपके बनतात. तेराझ्झोत त्या गोळाच होत नाहीत. म्हणजे रेघ ही काही वेगळी आखलेली नक्षी नाही. ठिपका जमण्याचं काम अर्ध्यावर राहिलं की रेघा उरतात. वजाबाकीचा नियम इथेही सुटलेला नाही.

दोन बिघडलेल्या प्रती लागतात, या नियमाला मात्र अपवाद आहे. ‘टेसेरा’ हा नक्षीचा प्रकार प्रभावी आहे, एकच प्रत पुरते. तो कॉर्न स्नेकमध्ये आपसूक उपजला, की पूर्वी कधी किंग स्नेकशी झालेल्या संकरातून शिरला, यावर शौकीन भांडत असतात. संकराचा संशय अनाठायी नाही. कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंग स्नेक यांचा संकर बंदिवासात होतो आणि त्यांची पिल्लं प्रजननक्षमही असतात. अंगावर खवलेच नसलेला कॉर्न स्नेकही ग्रेट प्लेन्स रॅट स्नेकशी झालेल्या संकरातून आल्याचं सांगितलं जातं. त्याची पाठ मऊ, नुसत्या कातडीची. पोटाखालच्या रुंद पट्ट्या मात्र शाबूत, त्यामुळे तो सरपटू शकतो. मला स्वतःला हा प्रकार पाहवत नाही. पण बाजारात तो खपतो.

आणि मग हिशेबाची दुसरी बाजू येते. जनुक मोडलं आणि त्याला रंगाखेरीज दुसरं काही काम नसलं, तर बंदिवासात सापाचं काही बिघडत नाही. बिनकाळा किंवा अ‍ॅनरी कॉर्न स्नेक डब्यात साध्या सापासारखाच खातो-पितो, वाढतो. रानात मात्र भडक रंगाचं पिल्लू ससाण्याच्या किंवा रॅकूनच्या नजरेत लवकर भरणार. १९५३चा तो नर मोठा होऊन सापडला हे नशीबच. पण सगळे मॉर्फ इतके निरुपद्रवी नाहीत. टेक्सास रॅट स्नेकचा पूर्ण पांढरा प्रकार दिसायला अप्रतिम, पण त्यातल्या बऱ्याच सापांचे डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेले असतात. ‘ब्लडरेड’ नावाच्या गडद लाल कॉर्न स्नेकच्या जुन्या वंशात नातलगांची इतकी गाठ पडली, की पिल्लं उंदराच्या पिल्लांना तोंड लावेनात, पालीच हव्यात म्हणून अडून बसत. पुढे बाहेरचं रक्त आणून तो वंश सावरावा लागला. बॉल पायथनमधला ‘स्पायडर’ हा प्रकार डोकं डुलवत, तोल हरवत फिरतो. त्याच्या आतल्या कानाची घडणच बिघडलेली असल्याचं २०२२ साली स्कॅनमधून दिसलं. तरी तो वर्षानुवर्षं विकला गेला. कारण नक्षी सुंदर आणि खरेदीदारांना ती डोलणारी मान गंमत वाटायची.

कॉर्न स्नेकमध्ये या तऱ्हेचा सगळ्यात कानपिचक्या देणारा किस्सा ‘स्टारगेझर’चा. ‘सनकिस्ड’ नावाच्या लोकप्रिय मॉर्फच्या वंशात काही पिल्लं अशी निघू लागली की डोकं मागे टाकून वर बघत राहायची, पालथी पडायची, सरळ जाता येत नसे. तपासल्यावर कळलं की हा मज्जासंस्थेचा दोष आहे, अप्रभावी आहे आणि सनकिस्डच्या रंगाच्या जनुकापासून वेगळा आहे. तो त्या वंशात चोरपावलांनी आला, आणि वंश लोकप्रिय असल्यामुळे पसरला. रंगाचा हेट जसा दिसत नाही, तसा या दोषाचा हेटही दिसत नाही. हेट म्हणून दुप्पट पैसे देऊन घेतलेल्या सापात हा दुसरा, कुणी न मागितलेला हेटही असू शकत होता. मग काही पाळणाऱ्यांनी आपले सनकिस्ड साप ज्ञात वाहकांशी जुळवून चाचणी-विणी काढल्या. पुरेशी पिल्लं निघाली आणि त्यांत एकही दोषी नसलं, तरच आपला साप निर्मळ आहे असं ते मानत. मोठ्या खर्चाचं काम, कारण त्या विणीतून आलेली सगळी पिल्लं विकण्यालायक नसत. दोषी निघालेली मारावी लागत आणि साध्या दिसणाऱ्यांवरही संशय राही. आज जबाबदार पाळणाऱ्याच्या यादीत सनकिस्डच्या नावापुढे ‘स्टारगेझर चाचणी झालेला’ असा शेरा असतो. तो नसेल तर जाणकार गिऱ्हाईक भाव न विचारता पुढच्या टेबलाकडे जातं.